वाणातली ट्यूब

बाईच्या तोंडावर डाग पडला की तो तिचा राहत नाही, गावाच्या मालकीचा होतो. माझ्या दोन्ही गालांवर वांग आलं ते धाकट्या मुलीच्या बाळंतपणानंतर. पुढं ज्या वर्षी माजलगावच्या धरणाच्या पोटात पाण्याऐवजी भेगा दिसायला लागल्या, त्या वर्षी ते वांग नाकावर चढलं आणि वरच्या ओठापर्यंत उतरलं. मी तेव्हा गावच्या सहकारी दूध संस्थेत कामाला होते. दूध मोजून घ्यायचं, मशीनवर फॅट लावायची. म्हणजे सकाळ-संध्याकाळ सगळं गाव किटली घेऊन माझ्या तोंडासमोर उभं. दुधाला फॅट किती लागली हे विचारायच्या आधी लोक तोंडाला काय लावतेस ते विचारायचे.

फुकटच्या सल्ल्याला दुष्काळ कधीच नसतो. एकीनं लिंबू सांगितलं, एकीनं मसुराची डाळ, एका म्हाताऱ्यानं गोमूत्र. लिंबू सांगणारीचे स्वतःचे गाल जळालेल्या भाकरीसारखे झाले होते, पण तिचा विश्वास काही ढळलेला नव्हता. सासूबाईंचं निदान सगळ्यांत सोपं होतं. मी उलटून बोलते, ती उष्णता तोंडावर फुटली. सासूबाईंच्या मते पाऊसही सुनांच्या वागण्यामुळंच लांबत होता.

माझे यजमान परळीच्या थर्मल वीजकेंद्रात, आठवड्याला घरी येणारे. त्यांना डाग दिसलाच नव्हता. मी दाखवला तेव्हा म्हणाले, "कुठं?" पुरुषांचं हे एक बरं असतं. मग मी एकटीच एसटीत बसले आणि बीडला चामडीच्या डॉक्टरीणबाईंकडं गेले.

बाई तोंडानं फटकळ होत्या, म्हणून मला लगेच आवडल्या. भिंगातून गाल बघितले आणि पहिला प्रश्न विचारला, "पोटुशी आहात का? अंगावर पाजता का?" दोन्ही नाही म्हटल्यावर चिठ्ठी लिहिली. मी खुशीत विचारलं, "गोरी होईन का?" त्यांनी पेन खाली ठेवलं. "गोरं करायचं औषध माझ्याकडे नाही. तुमचा होता तो रंग परत यावा एवढ्यासाठी हे आहे. आणि हे औषध आहे, स्नो नाही. यात स्टेरॉइड आहे."

मग जे सांगितलं ते माझ्या डोक्यात पक्कं बसलं, कारण बाई प्रत्येक वाक्यानंतर "कळलं?" विचारायच्या आणि मान हलवल्याशिवाय पुढं जायच्या नाहीत. रात्री झोपताना तोंड धुवायचं, कोरडं होऊ द्यायचं, मग वाटाण्याएवढी ट्यूब फक्त डागावर. सगळ्या तोंडाला थापायची नाही, डोळ्यांजवळ न्यायची नाही. पहिल्यांदा कोपराच्या आतल्या बाजूला थोडी लावून बघायची, खाज-पुरळ आलं तर तोंडाला हातच लावायचा नाही. थोडं चुरचुरेल, पण आग झाली, लाल पडलं, सोलायला लागलं तर बंद करून यायचं. दिवसा सनस्क्रीन, तेही बाहेर असाल तर पुन्हा पुन्हा, आणि वरून रुमाल. "ऊन टाळणार नसाल तर ट्यूब घेऊच नका, कारण ऊन डाग परत आणतं आणि तुम्ही मला शिव्या देता." दोन महिन्यांनी दाखवायला यायचं, बंद कधी करायची ते बाई सांगणार. आपल्या मनानं चालू ठेवायची नाही. "आणि ही ट्यूब तुमची आहे. बहिणीला नाही, जावेला नाही, शेजारणीला नाही."

हे शेवटचं त्यांनी आमच्या गावाचं नाव ऐकून सांगितलं असावं.

मी सगळं पाळलं. पाणी टँकरचं, घरात घागरी मोजून, त्यात मी रोज रात्री तोंड धुवायला तांब्याभर पाणी घेते म्हणून सासूबाईंनी शेजारच्या दारात बसून माझी कीर्ती केली. सनस्क्रीन लावून दुधाला निघाले की म्हणायच्या, "निघाली, तमाशाची बाई." मी म्हटलं, तमाशाच्या बायका तरी रात्री रंग पुसतात. त्यावर त्या उष्णतेकडं परत वळल्या. पण डाग हळूहळू फिका पडत गेला, बाईंनी दोन महिन्यांनी ट्यूब बंद करायला सांगितली आणि मी केली. सनस्क्रीन आणि रुमाल तेवढा राहिला. गोरी झाले नाही. माझी मी झाले, गव्हाळ, नाकावर थोडी सावली राहिलेली. मला तेवढं पुष्कळ होतं.

आता गावाला ते दिसलं. आणि गावाला दिसलं म्हणजे वहिनीसाहेबांना दिसलं.

वहिनीसाहेब म्हणजे आमच्या चेअरमनच्या सौभाग्यवती. गावात दूध संस्था चेअरमनची, संस्थेचं मेडिकल दुकान चेअरमनचं, आणि त्या दुष्काळात संस्थेनं माळावर जनावरांची छावणी काढली तीही चेअरमनचीच. कागदावर सगळं सभासदांचं असायचं, म्हणून त्याला सहकार म्हणायचे. छावणीचं उद्घाटन आधीच तीनदा झालं होतं आणि अजून मंत्री यायचे बाकी होते. वहिनीसाहेबांना मंत्र्यांबरोबरच्या फोटोत नीट दिसायचं होतं. त्यांच्या तोंडावर वांग वगैरे काही नव्हतं. उन्हात न फिरलेल्या बाईच्या तोंडावर असतं तेवढंच, म्हणजे थोडी चरबी आणि पुष्कळ समाधान.

त्यांनी मला बंगल्यावर बोलावलं, चहा दिला, आणि ट्यूब बघायला मागितली. मी दाखवली, आणि डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं सगळं पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितलं. वहिनीसाहेब मान हलवत होत्या आणि मोबाइलनं ट्यूबचा फोटो काढत होत्या.

"चिठ्ठीशिवाय मिळत न्हाई ही," मी म्हटलं.

"आपलंच मेडिकल हाय की," त्या म्हणाल्या.

संक्रांतीचं हळदीकुंकू संस्थेच्या हॉलमध्ये दर सालाप्रमाणे झालं. दूध घालणाऱ्या घरची प्रत्येक बाई आलेली. आधीच्या वर्षी वाणाला प्लास्टिकच्या चाळण्या होत्या, त्याआधी साबणाच्या डब्या. त्या वर्षी हळदीकुंकू लागलं, तिळगूळ झाला, आणि वहिनीसाहेब ओटी भरल्यासारख्या एकेकीच्या पदरात एकेक ट्यूब टाकायला लागल्या. माझ्या ट्यूबसारखी ट्यूब. मला आधी वाटलं माझे डोळे फिरले. हळदीकुंकवाचं वाण म्हणून डॉक्टरच्या चिठ्ठीचं औषध लुटणारं आमचं गाव जगात पहिलं असेल.

वहिनीसाहेबांनी भाषणही केलं. म्हणाल्या, छावणीत उभं राहून राहून आपल्या भगिनींचे चेहरे काळवंडले, त्याची काळजी संस्थेला हाय. सकाळ-संध्याकाळ भरपूर लावा. आणि त्यांनी स्वतःच्या हातावर बोटभर पट्टा काढून तो सायीसारखा चोळून दाखवला. टाळ्या झाल्या.

मी उठले. मला बोलायला कुणी सांगितलं नव्हतं, पण गप्प बसणं मला कधी जमलेलं नाही. म्हटलं, बायांनो, हे औषध आहे. ज्यांना डाग आहे त्यांनी आधी डॉक्टरला तोंड दाखवा. डाग नाही त्यांनी लावूच नका. पोटुशी असेल, पाजत असेल तिनं तर हातही लावू नका. आणि सकाळी लावून छावणीत उभ्या राहाल तर होत्या त्यापेक्षा वाईट व्हाल.

हॉलमध्ये हसू पिकलं. मागून एक आवाज आला, "सोताचं झालं, आता दुसरीला नको म्हणतीय!" वहिनीसाहेब गोड हसल्या आणि म्हणाल्या, "आवं, फॅट लावनाऱ्या बाई हायत त्या, डाक्टर न्हाईत." यावर तर चेअरमनचा ड्रायव्हरसुद्धा दारात उभा राहून हसला. मला त्या हॉलची जेवढी शिसारी आली तेवढी आजवर दुसऱ्या कशाची आलेली नाही. दुसऱ्या दिवशी मी दोन पोटुश्या पोरींच्या घरी जाऊन ट्यूब परत मागितली. एकीनं दिली. दुसरीच्या सासूनं मला दारातूनच वाटेला लावलं, पण ट्यूब घाबरून उकिरड्यावर फेकली, तेवढं काम झालं.

पण खरी गोष्ट माझ्याच घरात होती. माझी धाकटी जाऊ.

जाऊ जन्मानं काळी. डाग नाही, वांग नाही, एकसारखा, तुकतुकीत काळा रंग, आणि त्या रंगात पांढरे दात. मला ती देखणी वाटायची, पण माझं मत घरात कोण विचारतो? सासूबाई तिला हाक मारताना नावाआधी रंग घ्यायच्या. दीर ट्रॅक्टरचा ड्रायव्हर. आमच्याकडं ऊसच नाही म्हटल्यावर इकडचा कारखाना बंद, म्हणून तो हंगामाला सांगलीकडं ऊस ओढायला गेलेला. गुढीपाडव्याच्या सुमाराला परत यायचा होता.

आणि ट्रॅक्टरच्या केबिनमध्ये त्यानं लग्नातला फोटो चिकटवलेला होता. तो फोटो म्हणजे गावच्या फोटोवाल्याची करामत. त्यानं नवरीचं तोंड कॉम्प्युटरवर घासून घासून एवढं गोरं केलं होतं, की बाशिंगाखाली भलतीच बाई उभी आहे असं वाटावं. मान तेवढी करायची विसरला होता. ती काळीच राहिली. फोटो बघून पाहुणे म्हणायचे, "लई झकास आलाय." जाऊला तो फोटो बोचायचा. नवऱ्यानं महिनोन्महिने बघायला जवळ ठेवलेली बाई आपण नाही, असं तिच्या मनात बसलं होतं.

मी तिच्याकडं ट्यूब मागितली तेव्हा तिनं ती पदरात घट्ट धरली.

"आक्का, ते यायच्या आत मला त्या फोटोतल्यावाणी दिसायचं हाय."

"अगं, तुला डागच नाही. ही डागासाठी असते. रंग बदलायला नसते."

"तुमाला झालं. मला व्हावं न्हाई असं कावून वाटतंय तुमाला?"

हॉलमधल्या बायांचं मला काही लागलं नव्हतं. हे लागलं. मी तिला सख्ख्या बहिणीसारखी वागवत आले होते, आणि तिला मी त्या गोऱ्यागोमट्या टोळीतली वाटले. मी सगळं परत सांगितलं, रागानं सांगितलं, मग समजुतीनं सांगितलं. सासूबाई आत भाकरी थापत होत्या, तिथून म्हणाल्या, "लावू दे की गं तिला. उजळली तर आपल्याच घराची शोभा." घराची शोभा! टँकरच्या पाण्यासाठी पहाटे ज्या सासूबाई घागरीनं शेजारणीचं डोकं फोडायला निघाल्या होत्या, त्यांना शोभेची काळजी.

जाऊनं लावायला सुरुवात केली. सकाळ-संध्याकाळ, सगळ्या तोंडाला, मानेला सुद्धा, कारण फोटोवाला मान विसरला होता हे तिच्या लक्षात होतं. धुवायला पाणी नाही म्हणून धुळीवरच. आणि लावून छावणीत. आमची म्हैस आणि दिराची बैलजोडी तिथंच बांधलेली. चारा घालायचा, शेण काढायचं, पाण्याच्या हौदाजवळ ताटकळायचं, सगळं उघड्या माळावर. सनस्क्रीन तिच्याकडं नव्हतं. मी माझं दिलं तर म्हणाली, त्यानं तोंड चिकट होतं.

आणि गंमत बघा, पहिले काही आठवडे ती खरंच उजळली. अशा ट्यूबचा हाच तर दगा असतो. कातडी पातळ होत जाते, वरून तकतकीत दिसते. छावणीतल्या बाया तिला बघायला येऊ लागल्या. ज्यांना आपली ट्यूब नको होती त्यांनी ती हिला आणून दिली. वहिनीसाहेबांनी तिला सगळ्यांसमोर पुढं ओढून म्हटलं, "ही बघा!" आणि माझ्याकडं बघितलं. सासूबाई तर एक दिवस तिला नुसत्या नावानं हाक मारून गेल्या. मी मूर्ख ठरले. मूर्ख ठरायला मला हरकत नव्हती, मला फक्त पुढचं दिसत होतं आणि माझं कुणी ऐकत नव्हतं, याचा संताप व्हायचा.

महाशिवरात्र झाली आणि ऊन तापायला लागलं. आधी तिचे गाल लाल झाले. ती म्हणाली, गुलाबी दिसतंय. मग आग व्हायला लागली, पाणी लागलं तरी झोंबायचं. मग हनुवटीवर बारीक फोड आले, गालांवर लव दाट झाली, आणि सोललेल्या जागी राखेसारखे करडे-काळे चट्टे उठले. ज्या तोंडावर आयुष्यात डाग नव्हता तिथं आता चट्ट्यांशिवाय जागा नव्हती. तरी लावतच होती. थांबवली की जास्त आग व्हायची, लावली की तात्पुरती शमायची.

त्याच सुमाराला मंत्री आले. वहिनीसाहेब ट्यूबनं लालबुंद झालेलं तोंड पावडरीच्या थराखाली घेऊन मंडपात बसल्या, हार घालताना ऊन तोंडावर आलं आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. दुसऱ्या दिवशी पेपरात छापून आलं की दुष्काळग्रस्तांची व्यथा बघून चेअरमनच्या पत्नीला अश्रू अनावर झाले. मी ते दूध घालायला आलेल्या प्रत्येकाला वाचून दाखवलं. नंतर त्या गाडीनं पुण्याला मोठ्या डॉक्टरकडं गेल्या आणि आल्यावर सांगत सुटल्या की माल नकली निघाला, आणि मुळात ही ट्यूब गावात आणली दूधवाल्या बाईनं. म्हणजे मी.

जाऊसाठी गाडी नव्हती. मी तिचं तोंड ओढणीनं झाकून एसटीनं बीडला नेलं. डॉक्टरीणबाईंनी ओढणी बाजूला केली आणि भिंगातून तिचं सगळं तोंड बघितलं. मग मला म्हणाल्या, "तुम्हाला मी सांगितलं होतं ना?" मी हळदीकुंकवाचं सांगितलं. त्यांना आधी वाटलं मी थट्टा करते. खरं आहे म्हटल्यावर त्यांनी कपाळावर हात मारला, त्या संस्थेचा आणि त्या मेडिकलचा एका शब्दात उद्धार केला. तो शब्द डॉक्टरच्या तोंडी शोभणारा नव्हता आणि अगदी बरोबर होता.

जाऊशी मात्र त्या हळू बोलल्या. ट्यूब बंद. मधे आग वाढेल, घाबरायचं नाही, त्यासाठी वेगळं औषध दिलं. साधं मलम, सनस्क्रीन, रुमाल, आणि उन्हापासून लांब. जाऊनं एकच विचारलं, "पाडव्यापत्तोर बरं व्हईल का?" बाई म्हणाल्या, "नाही. वेळ लागेल. बरंचसं भरून येईल, थोडं राहील." एसटीत ती खिडकीकडं तोंड करून बसली. उतरताना म्हणाली, "आक्का, मी तुमाला वंगाळ बोलले." मी म्हटलं, गप, रुमाल नीट बांध. घरी आल्यावर सासूबाईंनी तिचं तोंड बघितलं आणि पुन्हा नावाआधी रंग घ्यायला सुरुवात केली.

पाडवा होऊन गेला आणि दीर आला. छावणीत दूध गोळा करायचं काम तेव्हा माझ्याकडं होतं, म्हणून हे सगळं मी डोळ्यांनी बघितलं. ट्रॅक्टर सरळ माळावर आला. जाऊ म्हशीजवळ उभी होती, तोंडाला रुमाल. हा उतरला तो थेट बैलापाशी गेला, त्याच्या फासळ्यांवरून हात फिरवला आणि म्हणाला, "लई वाळलाय की ह्यो." मला नमस्कार केला, दुधाचं विचारलं, पाण्याचं विचारलं. मग बायकोकडं वळला.

"तोंड कावून बांधलंस?"

तिनं रुमाल सोडला. तो बघतच राहिला. एवढ्या जवळून, एवढा वेळ त्यानं तिच्या तोंडाकडं त्याआधी कधी बघितलं असेल असं मला वाटत नाही.

"कशानं झालं हे?"

"ट्यूब लावली. गोरं व्हायला." तिनं केबिनकडं हात केला. "त्या बाईवाणी दिसायचं होतं मला."

दिरानं केबिनकडं बघितलं, परत तिच्याकडं बघितलं. त्याला खरंच कळत नव्हतं. "ती तूच हायस की."

"मी आशी कवा होते? मंग कावून लावलाय त्यो फोटो?"

"एकच दिलता फोटोवाल्यानं," तो म्हणाला. आणि मग मान खाजवत, उगीच बोलायचं म्हणून बोलावं तसं, "व्हतीस तशीच बरी व्हतीस की तू."

मला त्याच्या मुस्कटात द्यावीशी वाटली. लग्नाला एवढी वर्षं झाली, आणि एवढं एक वाक्य त्या माणसानं जपून ठेवलं होतं. बैलाच्या फासळ्या मोजता येतात, ट्रॅक्टरच्या आवाजावरून बिघाड सांगता येतो, आणि बायकोला बरी दिसतेस म्हणायला तिचं तोंड जळावं लागतं. वहिनीसाहेबांचा मला तिरस्कार आला होता, पण तो सोपा होता. हा माणूस तर वाईटही नव्हता.

जाऊनं रुमाल परत बांधला, गाठ नीट बसवली. वैरणीची पेंढी उचलली आणि त्याच्या हातात दिली.

"हे आदी बोलायचं व्हतं," ती म्हणाली. "आता टाका त्या बैलाला. त्याचं तेवढं दिसतंय तुमाला."